घडीची करवत आणि आदिलाबादचे सागवान

डिसेंबर उजाडला की तेलंगणाच्या हवामानवार्तांत आदिलाबादचे नाव हमखास येते. राज्याच्या उत्तर टोकाला वसलेला हा जिल्हा. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्या पल्याड महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला सागाची राने आणि त्यांतून गेलेला राष्ट्रीय महामार्ग ४४. थंडीची लाट आली की येथील पारा कधीकधी पाच अंशांच्या आसपास उतरतो. जानेवारीतही पंखा लावून झोपणाऱ्या गोमंतकीयाला ही थंडी अनोळखीच म्हणायची. कडेम नदीवरचा सुमारे ४५ मीटरांचा कुंटाला धबधबा, बोथजवळचा पोचेरा, पौष महिन्यात भरणारी केसलापूरची नागोबा जत्रा अशी आकर्षणे असलेल्या या भागात सह्याद्रीच्या वाटा पाठ झालेले भटके तंबू घेऊन जाऊ लागले, तर त्यात नवल नाही. भाषेचीही फारशी अडचण नाही. निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग असलेले किनवट आणि राजुरा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत या बाजूला आले, पण मराठी काही नव्या सीमारेषेपाशी थांबली नाही. आदिलाबादच्या बाजारपेठेत आणि पैनगंगाकाठच्या खेड्यांत ती आजही बोलली जाते.

अशा सहलीची तयारी करताना तंबू, झोपण्याची पिशवी, डोक्याला बांधायचा दिवा यांच्या यादीत अलीकडे आणखी एक वस्तू दिसते : घडीची करवत. दुमडली की वीतभर, उघडली की हातभर लांबीची. बाजारात ती काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते आणि किमतीतील ही दरी कशामुळे, याचे उत्तर वेष्टनावर कुठेच लिहिलेले नसते. ‘पैसा वसूल’ करवत कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, कारण त्याचे निम्मे उत्तर दुकानात आहे आणि निम्मे त्या रानात.

गोव्यात घरोघरी कोयता असताना करवत हवीच कशाला, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. ओली फांदी, झुडूप, नारळाचे झावळ यांवर कोयत्यासारखे अवजार नाही. पण वाळून खणखणीत झालेल्या जाड फांदीवर कोयत्याचा घाव बसत नाही, तो उसळतो. रात्रीची वेळ, थंडीने बधिर झालेली बोटे, पायाखाली अनोळखी उतार आणि उसळणारे पाते, हा योग टाळलेलाच बरा. सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे, हे रानात मुक्कामाला जाणाऱ्याला नेमके ठाऊक असतेच असे नाही. करवतीचे पाते लाकडाच्या चिरेतच फिरते. हात चुकला तरी घाव अंगावर येत नाही. शिवाय करवतीला हात मागेपुढे करण्यापुरतीच जागा लागते आणि तिचे वजन पाव किलोच्या आसपास असते. कुऱ्हाड वाहून नेण्यापेक्षा ते किती सोपे, हे पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चाललेल्यास सांगावे लागत नाही.

आता लाकडाविषयी. करवतीची चर्चा बहुधा पाइन, बर्च अशा थंड देशांतील मऊ लाकडाच्या हिशोबाने केलेली असते. आदिलाबादचे रान कोरडे, पानझडी आणि कठीण लाकडाचे आहे. साग तर त्याची ओळखच. सागाच्या लाकडात तेल असते, म्हणून ते टिकते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यात सिलिकेचे सूक्ष्म कणही असतात, हे सुतारालाच ठाऊक असते. वाळूच्याच जातीचे हे कण पोलादाची धार भराभर खातात. सागाच्या जोडीला धावडा आहे, जो वाळल्यावर दगडाशी स्पर्धा करतो. आणि आहे ऐन, तेलुगूत नल्लमद्दी. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचे हे झाड गोमंतकीयांना परके नाही. ‘माट्टी’ या नावाने ते गोव्याचा राज्यवृक्ष आहे. याशिवाय बांबू. या भागातील बांबू बराचसा भरीव असतो. सिरपूर-कागजनगरच्या कागद गिरणीला तो वर्षानुवर्षे पुरवला गेला. त्याच्या सालीतही सिलिका असते आणि तंतू इतके लांब की मोठ्या दात्यांची करवत लावली तर तो कापला न जाता चिरफळतो.

तेव्हा करवत निवडताना पहिली नजर दात्यांवर हवी. मूठ, रंग, डबा हे सारे नंतर. दाते कोणत्या दिशेला झुकले आहेत ते आधी पाहावे. मुठीकडे झुकलेले असतील तर करवत ओढताना कापते, टोकाकडे झुकलेले असतील तर ढकलताना. आपल्याकडची सुताराची मोठी करवत ढकलून चालते, म्हणून तिचे पाते जाड लागते. पातळ पाते ढकलले तर वाकते. जपानी पद्धतीच्या ओढून कापणाऱ्या करवतीत पाते प्रत्येक वेळी ताणले जाते, म्हणून ते पातळ ठेवता येते. पातळ पाते म्हणजे अरुंद चीर, कमी भुसा आणि कमी श्रम. घडीच्या बहुतेक चांगल्या करवती ओढून कापणाऱ्याच असतात. आपल्या सवयीने त्या जोर लावून पुढे ढकलल्या जातात आणि पहिल्याच सहलीत पाते मुरडते. दोष मग करवतीला दिला जातो.

दात्यांची संख्या दुसरी गोष्ट. एका इंचात पाच-सहा मोठे दाते असतील तर ओल्या फांद्या झपाट्याने कापल्या जातात, कारण ओला, चिकट भुसा बाहेर पडायला दात्यांमध्ये जागा मिळते. वाळलेल्या कठीण लाकडावर तेच दाते अडखळतात, हाताला हिसके बसतात. तिथे इंचाला सात-आठ दाते बरे. बांबूला त्याहूनही बारीक दाते लागतात. आंतरजालावरच्या जाहिरातींत ‘सर्व कामांसाठी एकच’ असा दावा सर्रास असतो. आदिलाबादच्या रानापुरते बोलायचे तर सात-आठ दात्यांचे पाते हाच सुज्ञ मध्य. बांबूसाठी वेगळी करवत नेण्याचे कारण नाही, कारण रानातला बांबू तोडण्याचा हक्क पाहुण्याला नाहीच. त्याविषयी पुढे.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसते, पण क्वचितच पाहिली जाते. चांगल्या करवतीच्या दात्यांची टोके पात्याच्या उरलेल्या भागापेक्षा काळपट-निळसर असतात. उच्च वारंवारतेच्या विजेने क्षणभर तापवून केवळ टोके कठीण केल्याची ती खूण. पाते लवचीक राहते आणि दाते मात्र कठीण, असा दुहेरी लाभ त्यातून मिळतो; सागासारख्या धार खाणाऱ्या लाकडासाठी हा गुण मोलाचा. त्याची दुसरी बाजूही आहे. असे दाते साध्या कानशीने घासून पुन्हा धारदार होत नाहीत, कारण ते जवळजवळ कानशीइतकेच कठीण असतात. धार गेली की पाते बदलावे लागते. म्हणून करवत घेण्याआधी तिचे सुटे पाते मिळते का, हे विचारावे. सुटे पाते मिळत नसेल तर ती करवत एका पात्याच्या आयुष्याएवढीच आहे, हे धरून किमतीचा विचार करावा. उलट, टोके कठीण न केलेली साधी करवत गावातल्या मेस्ताकडून थोड्या पैशांत पुनःपुन्हा धार लावून घेता येते. स्वस्त म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या करवतीची ही बाजू किमतीच्या तुलनेत सहसा मोजली जात नाही.

पोलादाविषयी फार खोलात जाण्याचे कारण नाही. वेष्टनावर ‘एसके-५’ असे लिहिलेले असेल तर ती जपानी मानकातील उच्च कार्बन पोलादाची श्रेणी आहे आणि करवतीसाठी योग्य आहे. नुसते ‘हाय क्वालिटी स्टील’ असे लिहिलेले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. स्वस्त करवतीवर ‘स्टेनलेस’ हा शब्द गंजाची भीती घालवतो, पण बहुधा धारीच्या मोबदल्यात.

दाते मनासारखे मिळाले की खटका पाहावा. घडीच्या करवतीने होणारी सर्वांत वाईट जखम लाकूड कापताना होत नाही. पाते अवचित बोटांवर मिटते तेव्हा होते. दुकानात करवत उघडून, खटका बसवून, पाते एखाद्या फळीवर टेकवून मुठीवर वरून जोर द्यावा. खटका जरा जरी सरकला तर करवत तिथेच ठेवावी, मग ती कितीही सवलतीत असो. पाते डावी-उजवीकडे हलवून बिजागरीचा खिळखिळेपणा तपासावा. बिजागरीचा स्क्रू घट्ट करता येण्याजोगा असेल तर उत्तम, नुसते रिबीट ठोकलेले असेल तर तो सैलपणा वाढतच जाणार. आणखी एक बारकावा : खटका पाते मिटलेले असतानाही बसला पाहिजे. सॅकमध्ये कपड्यांच्या मधोमध करवत उघडली तर काय होते, याची कल्पना करणे अवघड नाही.

पात्याच्या लांबीचा मोह अनेकांना होतो. ठोकळ नियम असा की पात्याच्या निम्म्या लांबीइतक्या जाडीचे लाकूड सुखाने कापता येते, कारण हात मागेपुढे करायला उरलेली लांबी लागते. १८ ते २१ सेंटिमीटरचे पाते म्हणजे नऊ-दहा सेंटिमीटर जाडीची फांदी. चार माणसांच्या चुलीला त्याहून जाड लाकूड लागतच नाही. किंबहुना ते पेटवताच रात्र सरते. मनगटाहून बारीक वाळकी काटकी तर दोन झाडांच्या बेचक्यात अडकवून हातानेच मोडता येते. ३० सेंटिमीटरच्या पात्याची करवत बागायतदाराला शोभते, तंबूवाल्याला नव्हे.

मुठीवर रबराचे आवरण असावे, घामाने वा दवाने ती निसटू नये आणि रंग शक्यतो नारिंगी किंवा लाल असावा. जंगलात शोभेल म्हणून हिरवी वा खाकी मूठ घेणारे पुष्कळ असतात. जानेवारी-फेब्रुवारीत सागाची पाने गळून जमिनीवर तपकिरी थर साचतो. त्यात खाली ठेवलेली खाकी करवत शोधणे हा शिबिरातला एक निरर्थक उद्योग होऊन बसतो.

नावांविषयी थोडक्यात. जपानची सिल्की ही या क्षेत्रातील सर्वांत मानाची. तिच्या पात्याची पाठ दात्यांच्या बाजूपेक्षा पातळ घासलेली असते, त्यामुळे चीर गुळगुळीत येते. किंमत काही हजारांत. स्वीडनच्या बाको कंपनीची ‘लॅपलँडर’ १९ सेंटिमीटर पात्याची, इंचाला सात दात्यांची. शिबिरासाठी जगभर वापरली जाते आणि तिचा खटका उघडी-मिटलेली अशा दोन्ही अवस्थांत बसतो. भारतात फाल्कनसारख्या बागकामाच्या अवजारांच्या उत्पादकांच्या घडीच्या करवती काहीशे रुपयांत मिळतात. वर्षातून चार-सहा रात्री तंबूत काढणाऱ्यास, वर सांगितलेल्या कसोट्यांना उतरणारी भारतीय करवत पुरेशी आहे. उरलेले पैसे जाड झोपण्याच्या पिशवीवर खर्च झाले तर आदिलाबादच्या थंडीत त्यांचा अधिक उपयोग होईल. खरा तोटा होतो तो नाव-गाव नसलेल्या, चमकदार छायाचित्रांच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या करवतींत आणि दोन कड्यांना बांधलेल्या तारेच्या करवतींत. तारेची करवत खिशात मावते, हा तिचा एकमेव गुण. सागाच्या वाळक्या फांदीवर ती तापते आणि तुटते.

गोमंतकीयाला मात्र महाग करवत परवडण्याचे एक कारण आहे, जे शहरी भटक्याला नसते. सहलीचे चार दिवस सोडले तर वर्षभर तीच करवत कुळागरात, काजूच्या बागेत, अंगणातल्या आंब्यावर कामाला येते. काजूच्या सुकलेल्या आणि खोडकिड्याने पोखरलेल्या फांद्या स्वच्छ, गुळगुळीत कापाने काढल्या तर जखम लवकर भरते. कोयत्याने तोडलेल्या फांदीचे चिरफळलेले टोक कुजते. या हिशोबाने पाहिले तर चार हजारांची करवत दहा वर्षे चालून चारशेच्या करवतीपेक्षा स्वस्त पडू शकते. अट एवढीच की ती गंजू नये. कार्बन पोलाद आणि गोव्याचा पावसाळा यांचे वैर जुने आहे. काम झाल्यावर दात्यांतला चीक रॉकेलच्या फडक्याने पुसावा, पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा, बिजागरीत एक थेंब सोडावा आणि करवत प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता कोरड्या जागी टांगावी. खोबरेल घरात असते म्हणून तेच लावले जाते. ते काही महिन्यांत चिकट होते आणि धूळ धरते.

रानात कापतानाही थोडे शास्त्र आहे. दोन्ही टोकांना टेकलेली फांदी मधोमध वरून कापली तर चीर मिटते आणि पाते आत अडकते. ते ओढून काढण्याच्या नादातच बहुतेक पाती मोडतात. अशी फांदी एका टेकूच्या बाहेरच्या बाजूला कापावी, किंवा खालून थोडी चीर घेऊन मग वरून यावे. पडलेले लाकूड उचलण्याआधी काठीने ठोकावे, कारण सालीखाली विंचू असतो आणि लाकडाखाली कधी सापही. उभे वाळलेले झाड कितीही मोहक वाटले तरी त्याला हात लावू नये. त्यातील ढोली कुणाचे तरी घर असते.

करवत विकत घेतली म्हणून लाकूड आपले होत नाही. प्रश्नाचे उरलेले निम्मे उत्तर इथे आहे.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमराम भीम असिफाबाद. या भागात पसरलेल्या कवाल अभयारण्याला २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून आणि ताडोबाच्या बाजूने वाघ येथे येत असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज काढता येत नाही. कलम ३० आग लावण्यास मनाई करते. कलम ३१ नुसार परवानगीशिवाय शस्त्रासह प्रवेश करता येत नाही आणि या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो. घडीची करवत त्या व्याख्येत बसते की नाही, हा वाद तपासणी नाक्यावर घालण्याजोगा नाही. कवालच्या सफारीला जाणाऱ्याने करवत मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावी, हे उत्तम.

अभयारण्याबाहेर मोकळीक आहे, असाही समज असतो. तोही खरा नाही. मूळच्या आंध्र प्रदेश वन अधिनियम, १९६७ चा अंमल तेलंगणातही आहे आणि राखीव वनात परवानगीविना लाकूड कापणे वा विस्तव पेटवणे हा गुन्हा ठरतो. बांबूच्या बाबतीत तर गैरसमज अधिकच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बांबूला ‘झाड’ या व्याख्येतून वगळले हे ऐकून अनेकांना वाटते की तो आता कुणीही तोडावा. ती सवलत वनाबाहेर लावलेल्या बांबूपुरती आहे. सागाची गोष्ट सर्वांत नाजूक. सागाची चोरटी तोड हे या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. कुऱ्हाडीचा घाव दूरवर ऐकू जातो, करवतीचा आवाज जात नाही. त्यामुळे वनरक्षकाच्या नजरेत करवत हे अवजार कुऱ्हाडीपेक्षा अधिक संशयास्पद. परराज्याच्या क्रमांकाची गाडी, आत करवत आणि आठवण म्हणून उचललेला सागाचा एक ओंडका, एवढे अडचणीत यायला पुरेसे आहे.

लाकडाच्या मालकीचा प्रश्न येथे कागदापुरता कधीच नव्हता. निजामाच्या वनखात्याने गोंड आणि कोलामांच्या शेतीवर, चराईवर, सरपणावर निर्बंध आणले. त्या असंतोषातून कोमराम भीम यांचा लढा उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात ते मारले गेले. जल, जंगल, जमीन ही त्या लढ्याची घोषणा म्हणून आजही उच्चारली जाते. त्यानंतर गोंडांच्या तक्रारींचा अभ्यास करण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचे आणि निस्तारासारख्या पारंपरिक वापराचे हक्क वननिवासींना मान्य केले. हे हक्क त्या गावच्या रहिवाशांचे आहेत, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचे नाहीत. ज्या रानातून सरपण आणल्याबद्दल कुणाच्या तरी आजोबांनी दंड भरला, तिथे बाहेरच्याने हौसेखातर शेकोटी रचणे गावाच्या नजरेत कसे दिसत असेल, याचा विचार दुकानात करवत हाताळताना क्वचितच होतो. गावाजवळचे सुकलेले लाकूड हे कुणाच्या तरी घरच्या चुलीचे सरपण असते, ही साधी गोष्टही गॅसवर स्वयंपाक करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

व्यवहार्य वाट यातूनच निघते. मुक्काम गावकऱ्यांच्या शेतात किंवा वनखात्याने परवानगी दिलेल्या जागी करावा. जळण गावातून विकत घ्यावे. विकत घेतलेली लाकडे चुलीच्या मापाने कापण्यासाठी घडीची करवत अगदी योग्य अवजार आहे. स्वयंपाकासाठी गॅसचा लहान स्टोव्ह असला की जळण फक्त शेकण्यापुरते लागते. नागोबा जत्रेच्या दिवसांत केसलापूरला गेल्यास तंबू, सॅक नसलेला मुक्काम पाहायला मिळतो : मेश्राम कुळातील कुटुंबे परंपरेने बैलगाड्यांतून येतात आणि देवळाजवळच्या वडांखाली उतरून तिथेच चुली मांडतात. बाहेरच्याने तो दुरून, आदराने पाहावा.

प्रवासाची एक अडचण आधीच सोडवून ठेवावी. गोव्याहून हैदराबादला विमानाने जाऊन पुढे महामार्गाने सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करायचा असेल, तर करवत हातातल्या सामानात चालत नाही. ती मिटवून, खटका बसवून, पात्याच्या बाजूला जाड पुठ्ठा गुंडाळून सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवावी. सुरक्षा तपासणीत काढून घेतलेली करवत परत मिळण्याची आशा धरू नये.

शिबिराचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच धरावा. मार्चपासून सागवन पर्णहीन होते, वाऱ्याने पाने ढिगाढिगाने साचतात आणि एका ठिणगीवर डोंगर पेटतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात लागलेल्या वणव्यांनी दमट गोव्यातही काय होऊ शकते ते दाखवून दिले. आदिलाबादचे रान त्याहून कितीतरी कोरडे आहे. थंडीतही शेकोटीभोवतीची पाने दूरपर्यंत झाडून माती उघडी करावी. लाकडे लहान कापलेली असली तर ती पूर्ण जळतात. अर्धवट जळालेला ओंडका राखेखाली रात्रभर धुमसत राहतो आणि पहाटेच्या वाऱ्याने पुन्हा फुलतो. निघताना राखेवर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि उपडा तळहात राखेजवळ नेऊन ऊब उरली आहे का ते पाहावे. ऊब लागली तर आणखी एक बादली.